पंचवीस हजारांचं शिबिर आणि सेफ्टी पिनची मोटर

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची, आत्ताच चौथीत गेली. सुट्टी लागायला दोन आठवडे राहिलेत आणि आमच्या कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका समर कॅम्पची जाहिरात फिरतेय. दहा दिवस, रोज सकाळी तीन तास, त्यात लीडरशिप, पब्लिक स्पीकिंग, रोबोटिक्स, झुंबा, फायरलेस कुकिंग असं सगळंच आहे. फी २२,००० आणि वर जीएसटी. शुक्रवारपर्यंत पैसे भरले तर गुडी बॅग फ्री. तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार म्हणून तिलाही जायचंय. नवरा म्हणतो, आपण कुठे कॅम्पला गेलो होतो, अडलं का काही? सासूबाई घरी असतात पण त्यांचे गुडघे दुखतात, दिवसभर मुलगी घरी म्हणजे शेवटी टीव्ही नाहीतर मोबाइल. एवढे पैसे एकदम काढणं जमणार नाही, कार्डावर ईएमआय करावा लागेल. पाठवू की नको? नाही पाठवलं तर ती मागे पडेल का, हेच डोक्यात घोळतंय.
— एक आई, ठाणे

उत्तर : आधी ईएमआयचं बोलूया कारण ते सोपं आहे. नको. फ्रीज बंद पडला, दवाखाना निघाला तर हप्ते करावेच लागतात, पण झुंबा मे महिन्यात संपणार आणि हप्ता गणपतीपर्यंत जाणार असलं काही करू नका.

आता बाकीचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं की यात दोन वेगळ्या काळज्या एकमेकींत गुंतल्यात. एक म्हणजे मुलगी सुट्टीत काय शिकणार, आणि दुसरी म्हणजे आपण ऑफिसात असताना तिला बघणार कोण. जाहिरातवाले बोलतात पहिलीबद्दल, आपण पैसे देतो दुसरीसाठी, आणि हे कोणी कोणाला सांगत नाही.

जरा कागद घेऊन बसा. बावीस हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,९६०, एकूण झाले २५,९६०. दहा दिवस रोज तीन तास म्हणजे तीस तास. तासाला ८६५ रुपये पडले. आता तुमची सुट्टी सहा आठवड्यांची धरू, ऑफिसचे दिवस झाले तीस, येण्याजाण्यासकट रोजचे नऊ तास तुम्ही घराबाहेर, म्हणजे २७० तास. त्यातले तीस तास कॅम्पने उचलले आणि २४० तास सासूबाईंच्या गुडघ्यांवरच राहिले. शिवाय साडेबारा वाजता तिला क्लबहाऊसमधून आणायला कोण जाणार, तर त्याच. म्हणजे मुलीला बघायचा प्रश्न सुटावा म्हणून पैसे भरत असाल तर तो नऊतला एक भागच सुटतोय.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला एडिसनमध्ये असते. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे सरळ दहा आठवडे, आजी-आजोबा इथे डोंबिवलीत, त्यामुळे मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत तिला समर कॅम्पशिवाय गत्यंतरच नव्हतं. तिने मला एक गंमत सांगितली. तिथल्या इन्कम टॅक्समध्ये, आईवडील दोघं कमावते असतील तर लहान मूल सांभाळायच्या खर्चावर थोडी सवलत मिळते, आणि त्यात दिवसाचा कॅम्प चालतो पण रात्री मुक्कामाचा कॅम्प चालत नाही. म्हणजे तिथल्या सरकारने सरळ मान्य केलंय की दिवसाचा कॅम्प हे पाळणाघर आहे. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पाळणाघर म्हटलं की आयांना अपराधी वाटतं आणि त्याच कामाला लीडरशिप प्रोग्रॅम म्हटलं की छाती फुगते. (आणि हो, आपल्याकडे जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर शाळेची ट्यूशन फी वजावटीत बसते, कॅम्पची बसत नाही, एका काकांनी विचारलं होतं म्हणून सांगून टाकते.)

तेव्हा लाज न बाळगता आधी सांभाळायची सोय बघा. दिवसभराचं घरगुती पाळणाघर, शेजारची कॉलेजची मुलगी जिची परीक्षा संपलीय आणि जिला चार पैसे हवेत, किंवा आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही केलं तसं. आम्ही पाच घरं होतो, सगळ्यांची पोरं सात ते अकरामधली. ऑफिसचे तीस दिवस पाच घरांत वाटले, प्रत्येक घराच्या वाट्याला सहा दिवस आले, त्यातले तीन आईने रजा काढून करायचे आणि तीन बाबाने. ज्याचा दिवस त्याच्या घरी सगळी पोरं, डबा ज्याचा त्याने आणायचा. ऐकायला गोड वाटतं, पण पहिल्या आठवड्यात भांडणं झाली, एका बाबांनी स्वतःच्या दिवशी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः लॅपटॉप उघडून मीटिंग केली, त्यावरून ग्रुपवर जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरांना कळलं की मंगळवारी पत्ते, बुधवारी ज्यांच्याकडे भाकरी थापायला देतात ते घर, आणि गुरुवारी त्या मीटिंगवाल्या बाबांची गॅलरी. तुमच्याकडे मैत्रिणींचा ग्रुप तयारच आहे, त्यांच्या आयांना एकदा चहाला बोलवा, तुमच्यासारख्याच मनातून कुरकुरणाऱ्या दोघी तरी निघतील बघा.

आता शिकण्याचं. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आपण कॅम्पला गेलो नाही हे खरं, पण आपल्याला गाव होतं, नाहीतर चाळ होती, नाहीतर निदान खाली मैदान होतं आणि चुलत-मावस मिळून दहाबारा पोरं होती. माझं आजोळ गुहागरकडे, मे महिन्यात माळ्यावर आंब्याची अढी लागायची आणि रोज सकाळी पिकलेले वेचून काढायचं काम आमचं, एक नासका राहिला तर शेजारचे चार नासतात म्हणून आजी वास घेऊन सांगायची कुठल्या कोपऱ्यात गडबड आहे. आता मुलीचा मामा असतो हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर आणि मामीला सुट्टी नाही. त्यामुळे 'आमच्या वेळी' हे उत्तर होत नाही, ती सोय मोडली म्हणूनच तर हे दुकान चालतं.

पण दुकानात काय मिळतं तेही बघा. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना मीही पैसे भरले होते, पाच दिवसांचा रोबोटिक्स कॅम्प, जाहिरात बघून मला वाटलं आता हा घरचा मिक्सर उघडून दुरुस्त करणार. एका किटला चार पोरं. प्रोग्रॅम आधीच घातलेला, पोरांनी चाकं बसवायची आणि बटण दाबायचं, गाडी पुढे जायची, मग दादा म्हणणार वॉव, फोटो काढणार, फोटो पालकांच्या ग्रुपवर. शेवटच्या दिवशी किट परत घेतलं आणि लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दिलं. घरी आल्यावर विचारलं गाडी चालते कशाने रे, तर म्हणाला कोडिंगने. बरं, मोटर कशाने फिरते? तर म्हणाला ती फिरतेच.

त्याच सुट्टीत नंतर आम्ही अरविंद गुप्तांचा एक व्हिडिओ बघितला. हे पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं काम करत होते, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायचं त्यांचं काम, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे, मराठीतही आहे. आम्ही मोटर करायला घेतली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि इनॅमलची तांब्याची तार. तारेचं वेटोळं करून त्याची दोन टोकं पिनांच्या डोळ्यांत अडकवायची. केलं. फिरेना. नुसतं थरथरायचं आणि मान टाकायचं. सेल बदलला, चुंबक उलटं केलं, मग चिडून सगळं टेबलाखाली टाकलं, जेवण झाल्यावर परत काढलं. तर घोळ असा होता की माझ्या मुलाने तारेची दोन्ही टोकं ब्लेडने छान चकचकीत खरवडली होती. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं अर्धंच, एका बाजूचं ठेवायचं, म्हणजे अर्ध्या फेरीत वीज बंद होते आणि वेटोळं आपल्या झोकात पुढे जातं, नाहीतर उरलेल्या अर्ध्या फेरीत चुंबक त्याला उलटं ओढतं. नवीन तार घेतली, अर्धंच खरवडलं, बोटाने टिचकी मारली आणि ते जे भिंगरीसारखं सुटलं! साडेतीन वाजले होते दुपारचे. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलीला हाच माणूस सांगत होता, अगं अर्धंच खरवडायचं, पूर्ण नाही.

याचा अर्थ सगळेच कॅम्प भंकस असतात असा नाही. आमच्या शेजारचा मुलगा नाट्यशिबिराला जातो, तिथे पोरांनाच सेट रंगवायला लावतात, घरी येतो तेव्हा केसांत रंग आणि घसा बसलेला, ते पैसे वसूल. पोहणं तर शिकवणाऱ्याकडूनच शिकावं, मुंबई महापालिकेच्या तलावांवर उन्हाळ्यात एकवीस दिवसांच्या शिकाऊ बॅचेस असतात, खासगी क्लबपेक्षा पुष्कळ स्वस्त, फक्त नोंदणी उघडली की भराभर भरतात, ठाण्यातही महापालिकेचे तलाव आहेत, उद्याच चौकशी करा. दहा दिवसांत लीडर होता येत नाही पण एकवीस दिवसांत पाण्यात तरंगता नक्की येतं, आणि ते सत्तर वर्षांपर्यंत टिकतं. तसंही तीस पोरांच्या बॅचमध्ये तीसही लीडर झाली तर मागून चालणार कोण हा मला पडलेला प्रश्न आहे.

कॅम्पवाल्यांना फोन करा आणि गुडी बॅगेत काय आहे ते सोडून बाकी विचारा. शिकवणार कोण, त्याचं नाव काय, तो एरवी काय करतो? एका माणसामागे पोरं किती? पाऊस, ताप, काही कारणाने आली नाही तर पैसे परत मिळतात का आणि ते लिहून देता का? पहिल्या दिवशी येऊन कोपऱ्यात बसून बघू का? या शेवटच्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल त्याच्याकडे पाठवायचं नाही, एवढं साधं ठेवा.

मागे पडेल का, हे तुम्ही विचारलंत. चौथीतल्या मुलीच्या पुढे नेमकं कोण गेलंय ते मला सांगा, मग बोलू. पण तिच्या 'सगळ्या जाणार आहेत' याला मात्र हसण्यावारी नेऊ नका. दहा दिवस सकाळी सगळ्या मैत्रिणी क्लबहाऊसमध्ये आणि ही एकटी लॉबीत, नऊ वर्षांच्या मुलीला हे लागतं. म्हणून तिच्याशी सरळ बोला, पैशाचा आकडा सांगा, त्यांना कळतं. सांगा की हे एवढे आहेत, यातले एवढे आपण सुट्टीवर घालू शकतो, तुला काय हवं ते निवड. त्या दहा दिवसांच्याच सकाळी पोहण्याची बॅच मिळाली तर मजाच. मराठी ग्रंथ संग्रहालय आहे ठाण्याला, १८९३ सालचं, तिथलं कार्ड काढा, आणि जाताना सासूबाईंनाही न्या रिक्षाने, त्यांनाही बाहेर पडायला हवंच असणार. आणि एवढं करूनही ती म्हणाली की मला तोच कॅम्प हवाय, तर यंदा नाही, पुढच्या वर्षीसाठी महिन्याला दोन हजार बाजूला टाकूया म्हणा, डिसेंबरपर्यंत ती विसरली तर त्या पैशात तुमचे तिघींचे चार दिवस कुठेतरी होतील. मिस्टरांनाही न्या.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. सात दिवसांचा निवासी अ‍ॅडव्हेंचर कॅम्प, रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग, कायाकिंग वगैरे, १८,५०० रुपये. मुलगा नाचतोय, बायको घाबरतेय, मी मध्ये. पैशाचा प्रश्न नाही. सुरक्षित असतं का हो हे?
— एक वडील, नाशिक

उत्तर : मुलगा नाचतोय हे फार चांगलं लक्षण आहे, तेराव्या वर्षी आईबापांपासून सात दिवस लांब राहणं हेच खरं तर त्या कॅम्पातलं मोठं शिक्षण, रॅपलिंग हा वरचा मसाला. त्यामुळे माझा कल पाठवण्याकडे आहे. पण वहिनी घाबरतात ते उगाच नाही, त्यांना मध्यस्थी नकोय, माहिती हवीय.

महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, २४ ऑगस्ट २०२१ चं, त्यात जमीन, पाणी, हवा अशा सगळ्या साहसी प्रकारांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची केलीय. तर पहिला प्रश्न हाच, नोंदणीचं प्रमाणपत्र व्हॉट्सअ‍ॅप करा. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले तर तुम्हीही म्हणा, मग आमचे पैसेही प्रोसेसमध्ये आहेत. दोर बांधणारा माणूस कुठे शिकलाय ते विचारा, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट इथले कोर्स केलेली मुलं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न जगावेगळा नाही, ज्याने केलाय तो खुशीत सांगतो. जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि तिथे पोचायला किती वेळ, गाडी रात्रभर कॅम्पवर उभी असते का? पाण्यात लाइफ जॅकेट सक्तीचं की 'पोहता येत असेल तर नको'? पोहता येत असेल तर नको म्हणणाऱ्याकडे अजिबात नको.

मे महिन्यात सह्याद्रीत उन्हाने कातळ तापतो, तेव्हा दुपारी अकरा ते चार पोरं काय करतात हेही विचारा, ज्यांना हे काम कळतं ते सांगतात की सावलीत बसवतो, गाठी शिकवतो, झोपवतो. दिवसभर भरगच्च टाइमटेबल दाखवणारा मला संशयास्पद वाटतो.

आणि झोपायची व्यवस्था. मोठी माणसं कुठे झोपतात, पोरं कुठे, बाथरूम कुठे, स्टाफची पोलिस पडताळणी झालीय का, हे विचारताना संकोच करू नका. मुलाशीही आधी बोलून ठेवा की कोणी अंगचटीला आलं, नको ते बोललं, काही दाखवलं तर ओरडायचं, निघून यायचं, आणि कितीही वाजले असले तरी फोन मागायचा, बाबा गाडी काढून येतील, पैसे बुडाले तरी रागावणार नाहीत. मुलग्यांना हे सांगायचं आपण विसरतो.

एक राहिलं. गावोगावच्या जुन्या गिर्यारोहण संस्थाही मुलांची शिबिरं घेतात, कार्यकर्ते आपापली नोकरी सांभाळून येतात म्हणून फी निम्म्याहून कमी असू शकते, जेवण साधं, तंबू जुने आणि ब्रोशर नाही. नाशिकला डोंगर चढणाऱ्यांना काय तोटा, जरा विचारून बघा. नोंदणीचा प्रश्न मात्र त्यांनाही विचारायचा, कितीही ओळखीचे असले तरी.

प्रश्न : आमच्या बार्शीकडे असले कॅम्प नाहीत. पुण्याला बहिणीकडे ठेवून मुलाला एखाद्या कॅम्पला घालावं का? वय अकरा. शेतात घर आहे.
— एक शेतकरी वडील

उत्तर : पुण्याला पाठवा, आत्याकडे राहायला म्हणून पाठवा. आयुकातली शोधिका बघू दे, बसमधून उलटसुलट फिरू दे, आतेभावाशी भांडू दे. आठ दिवसांनी आतेभावाला घेऊन परत येऊ दे, कारण घोडबंदर रोडवरच्या पोरांना पंचवीस हजार देऊन जे मिळत नाही ते तुमच्या बांधावर आहे, मी कौतुकाने नाही, हिशोबाने बोलतेय. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरं असतात, नाममात्र फीमध्ये नाहीतर फुकट, तिथे फोन करा. गावात शासनमान्य वाचनालय असेल तर तिथलं बालविभागाचं कपाट उघडायला लावा, किल्ली बहुतेक हरवलेली असते पण मागणारा आला की सापडते.

आणि विहिरीला पाणी असेल तर पोहायला शिकवा दोघांना. पोहणारा मोठा माणूस पाण्यात हवाच, काठावर बसून सूचना देणारा नाही, कंबरेला दोर हवा आणि पायऱ्यांची विहीर हवी. पाठीला डबा बांधणार असाल तर झाकण लावून आधी तो पाण्याखाली दाबून धरा. एक जरी बुडबुडा आला तर दुसरा डबा शोधा.